सागरी रस्ते, घाट आणि मागच्या चाकाचे वारंवार तुटणारे स्पोक

सामान लादलेल्या सायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्यांकडून एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. मागच्या चाकाचा एक स्पोक तुटतो, तो बदलून आणि चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून प्रवास पुढे सुरू होतो, आणि दोन-तीन दिवसांत दुसरा तुटतो, तोही बहुतेक वेळा पहिल्याच्या शेजारचाच. मग सामान कमी केले जाते, खड्डे चुकवले जातात, महागडे स्पोक आणले जातात, तरीही एखाद्या घाटाच्या मध्यावर तोच ओळखीचा टणत्कार होतो आणि चाक ब्रेकला घासू लागते. खडबडीत सागरी रस्ता आणि त्याला लागून येणारे घाट अशा मार्गांवर हा त्रास अधिक होतो, त्याला कारणे आहेत, आणि ती समजून घेतली तर तो बहुतांशी थांबवता येतो.

माझे ठाम मत असे आहे की ज्या खड्ड्यात स्पोक तुटला तो खड्डा क्वचितच खरा दोषी असतो. स्पोक एका धक्क्याने तुटत नाही. त्याला शेकडो किलोमीटर आधीपासून चीर पडत आलेली असते, आणि ती पडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे चाकातला ताण कमी असणे किंवा तो सगळीकडे सारखा नसणे. त्यामुळे तुटलेला स्पोक बदलणे ही तात्पुरती सोय झाली. उपाय संपूर्ण चाकावर करावा लागतो.

चाकात नेमके काय घडते

सायकलच्या चाकातला प्रत्येक स्पोक ताणून बसवलेला असतो. चाक जमिनीवर टेकते त्या ठिकाणी रिम किंचित आत दबते, आणि त्या क्षणी खालच्या तीन-चार स्पोकांमधला ताण कमी होतो. चाक पुढे फिरले की तो पूर्ववत होतो. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्पोक एकदा सैलावतो आणि पुन्हा ताणला जातो. ६२२ मिलिमीटरच्या रिमवर ४० मिलिमीटर रुंदीचा टायर असेल तर चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर भरतो, आणि १,००० किलोमीटरच्या प्रवासात हे चक्र साधारण साडेचार लाख वेळा घडते. तार पुढेमागे वाकवत राहिले की ती शेवटी तुटते, तसाच हा धातूचा थकवा आहे. फक्त प्रत्येक वेळचे वाकणे डोळ्यांना दिसत नाही इतके लहान असते.

मूळचा ताण पुरेसा असेल तर खालच्या बाजूला येऊनही स्पोक ताठच राहतो, आणि हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, फ्लँजमध्ये, म्हणजे भोके असलेल्या चकतीत, त्याचा डोक्याजवळचा वाक घट्ट बसून राहतो. ताण अपुरा असेल तर सामानाच्या भाराखाली तो पूर्ण सैल पडतो, त्याचा वाक फ्लँजमध्ये हलतो, आणि पुढच्याच क्षणी तो पुन्हा खेचला जातो. हे हलणे वाकाच्या आतल्या बाजूला सूक्ष्म चीर सुरू करते. शिवाय सैल पडलेल्या क्षणी धक्क्यांनी निपल, म्हणजे स्पोकच्या टोकाला रिमपाशी धरणारा लहान नट, थोडा थोडा उलटा फिरतो आणि ताण आणखी उतरतो. एकदा ही घसरण सुरू झाली की ती आपोआप थांबत नाही.

मागच्या चाकाची अडचण इथे दुप्पट होते. उजव्या बाजूला कॅसेटला, म्हणजे दातेरी चक्रांच्या संचाला, जागा द्यावी लागत असल्यामुळे हबचा उजवा फ्लँज चाकाच्या मध्यरेषेच्या जवळ सरकलेला असतो. रिम मध्यावर राहावी म्हणून उजव्या स्पोकांना जास्त आणि डाव्या स्पोकांना कमी ताण द्यावा लागतो. उजवीकडे ११० किलोग्रॅम-बलाइतका ताण असला तर डावीकडे तो अनेकदा ६० ते ६५ इतकाच उरतो. हे प्रमाण हबच्या रचनेने ठरलेले असते आणि निपल कसेही फिरवले तरी बदलत नाही. म्हणून उजवी बाजू जर ७० वर सोडलेली असेल तर डावी बाजू ४० च्या आसपास राहते, आणि तिथले स्पोक मागे सामान लादलेल्या सायकलच्या प्रत्येक धक्क्याला सैल पडतात. यंत्राने तयार झालेली कित्येक चाके याच अवस्थेत नव्या सायकलीबरोबर येतात. ती सरळ फिरतात, त्यामुळे शंका येत नाही.

आधी तुटलेला तुकडा वाचावा

तुटलेला स्पोक फेकून देऊ नये. निदानासाठी त्याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. तो कुठे तुटला आणि तुटलेले टोक कसे दिसते, या दोन गोष्टी पाहिल्या की पुढचे बरेचसे काम सोपे होते.

डोक्याजवळच्या वाकात तुटला असेल तर धातूचा थकवा हे कारण जवळजवळ निश्चित समजावे. तुटलेले टोक उजेडात धरून भिंगातून किंवा फोनच्या कॅमेऱ्यातून मोठे करून पाहावे. त्याच्या एका कडेला गुळगुळीत, थोडा काळपट भाग दिसतो; कधी त्यावर एकामागून एक आलेल्या बारीक वक्र रेषाही दिसतात. उरलेला भाग चकचकीत आणि खरबरीत असतो. गुळगुळीत भाग म्हणजे हळूहळू वाढत गेलेली चीर आणि खरबरीत भाग म्हणजे शेवटच्या क्षणी एकदम तुटलेला धातू. गुळगुळीत भागावर गंजाची तांबूस झाक असेल तर ती चीर बराच काळ उघडी होती आणि तिच्यात ओलावा शिरत होता, असे खात्रीने म्हणता येते. हा गुळगुळीत भाग निम्म्याहून मोठा असेल तर त्या स्पोकने आपले काम शक्य तितके दिवस केले, आणि त्याच वयाचे इतर स्पोकही त्याच वाटेवर आहेत.

निपलमध्ये शिरतो त्या जागी, म्हणजे आट्यांपाशी स्पोक तुटत असेल तर कारण वेगळे असते. बहुधा स्पोक निपलमधून बाहेर पडताना सरळ रेषेत नसतो, तिथे किंचित वाकलेला असतो, आणि प्रत्येक फेऱ्याला तो आट्यांच्या मुळाशी लवतो. रिमचे भोक आणि स्पोकची दिशा जुळत नसेल, विशेषतः मोठ्या फ्लँजचा हब आणि लहान रिम अशी जोडी असेल, तर हा दोष हमखास दिसतो. निपलचे डोकेच उडून स्पोक अख्खा बाहेर आला असेल तर रिमची पट्टी काढून इतर निपलांमध्ये डोकवावे. स्पोकचे टोक निपलच्या खाचेपर्यंत पोहोचलेले नसेल तर स्पोक आखूड बसवलेले आहेत, आणि निपल ॲल्युमिनियमचे असतील तर ते एकामागून एक उडतच राहतील. प्रवासाच्या चाकात पितळी निपलच असावेत. ॲल्युमिनियमच्या निपलांनी होणारी वजनाची बचत नगण्य असते.

उजव्या बाजूचे, आणि त्यातही फ्लँजच्या बाहेरून जाणारे स्पोक तुटत असतील तर कॅसेट काढून त्या स्पोकांवर खरवडल्याच्या खुणा शोधाव्यात. सर्वांत मोठ्या दातेरी चक्राच्या पलीकडे साखळी घसरून स्पोक आणि कॅसेट यांच्यात अडकली की ती स्पोकांवर आडव्या खाचा पाडते, आणि अशा खाचेतून चीर फार लवकर सुरू होते. साखळी अडकली तेव्हा काही तुटले नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, आणि स्पोक पुढच्या आठवड्यात तुटू लागतात. खाच पडलेला प्रत्येक स्पोक बदलावा. त्याबरोबर डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या, आतल्या बाजूचा मर्यादा-स्क्रू तपासावा आणि हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला जोडलेला असतो तो फ्रेमचा तुकडा, वाकलेला नाही याची खात्री करावी, कारण प्रवासात सायकल उजव्या कुशीवर पडली किंवा वाहनात कोंबली गेली की हँगर आत वाकतो आणि साखळी पलीकडे जाण्याची वाट मोकळी होते.

मधोमध तुटलेला स्पोक क्वचितच आढळतो. काठी, बॅगेचा पट्टा किंवा दगड अडकल्याची ती खूण असते आणि तिचा चाकाच्या आरोग्याशी संबंध नसतो.

समुद्र आणि घाट काय वाढवतात

खाऱ्या वाऱ्यातले मीठ चाकावर दिसत नसले तरी ते बसलेले असते. दिवसा ऊन त्यातले पाणी उडवते, रात्री तेच मीठ हवेतला दमटपणा ओढून घेते, आणि निपल व रिम यांच्या फटीत खारट ओल कायम राहते. स्टेनलेस स्पोकही क्लोराइडपुढे पूर्णपणे सुरक्षित नसतात. त्यांच्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि असा प्रत्येक खड्डा ही चीर सुरू होण्याची आयती जागा असते. जस्ताचा मुलामा दिलेले साधे स्पोक तर काही आठवड्यांतच पांढरट आणि मग तांबूस होतात. याशिवाय ॲल्युमिनियमचे निपल आणि पोलादी स्पोक यांच्यात खाऱ्या ओलीमुळे विद्युत-रासायनिक क्रिया होऊन निपल आट्यांवर घट्ट चिकटतो. मग आऊट काढताना निपल फिरल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात स्पोकच पिळला जातो, आणि पहिल्या काही किलोमीटरमध्ये तो पीळ सुटून चाक पुन्हा वाकडे होते. हे ओळखण्यासाठी निपलजवळ स्पोकला चिकटपट्टीचा लहानसा झेंडा लावावा. पाना फिरवताना झेंडाही फिरला तर आटे चिकटलेले आहेत.

समुद्रकाठच्या टप्प्यावर दररोज मुक्कामी पोहोचल्यावर चाकांवरून गोडे पाणी ओतावे, निपलांभोवती मऊ ब्रश फिरवावा, आणि चाक सुकल्यावर प्रत्येक निपलच्या तोंडाशी व रिममधल्या त्याच्या बैठकीपाशी पातळ तेलाचा एकेक थेंब सोडावा. ब्रेक रिमवर लागत असतील तर तेल सोडल्यावर रिमची कड स्वच्छ पुसणे अत्यावश्यक आहे. जोराच्या फवाऱ्याने चाक धुऊ नये. मीठ निघते, पण पाणी हबच्या बेअरिंगमध्ये शिरते.

घाटाचा परिणाम वेगळ्या प्रकारचा असतो. समजा क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७० मिलिमीटरचा आहे आणि पेडलवर ६० किलोग्रॅमच्या आसपास भार पडतो आहे. पुढे ४४ आणि मागे १४ दात्यांवर असताना मागच्या हबवर सुमारे ३२ न्यूटन-मीटर इतके पिळवटणारे बल येते. पुढे २२ आणि मागे ३४ दात्यांवर तेवढ्याच जोराने तेच बल १५० च्या पुढे जाते, म्हणजे जवळजवळ पाचपट होते. हे बल हबकडून रिमकडे स्पोकच पोहोचवतात, आणि त्यासाठी निम्मे स्पोक अधिक खेचले जातात तर उरलेले सैलावतात. स्पोक हबला स्पर्शिकेच्या दिशेने जोडण्याची पद्धत, जिचे पेटंट जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये घेतले, ती याच पिळवटणाऱ्या बलासाठी आहे. तीव्र चढावर उभे राहून, सायकल डावी-उजवीकडे झुलवत पेडल मारले की त्यात बाजूचा भारही मिसळतो. डिस्क ब्रेक असलेल्या सायकलवर उतारावर हीच क्रिया उलट दिशेने होते, कारण ब्रेकचे बल हबला लागते आणि स्पोकांमधून रिमपर्यंत जाते. सकाळी घाट चढणे आणि दुपारी उतरणे म्हणजे त्याच स्पोकांना एका दिवसात दोन्ही दिशांनी ओढणे. मुळात सैल असलेले चाक सपाट रस्त्यावर कित्येक महिने टिकते आणि घाटात आठवड्याभरात उघडे पडते, ते यामुळे.

ताण कानाने कसा ओळखावा

ताणमापक असेल तर उत्तमच, पण प्रवासात तो जवळ नसतो. कान मात्र असतो, आणि तो या कामात आश्चर्यकारक अचूक ठरतो. तार जितकी ताठ तितका तिचा सूर चढा. सुराची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ताणात १२ टक्क्यांच्या आसपास फरक असला तर सूर अर्ध्या स्वराने, म्हणजे सा पासून कोमल रे पर्यंत जेवढा, तेवढा बदलतो, आणि एवढा फरक संगीत न शिकलेल्या माणसालाही ऐकू येतो.

सायकल उलटी ठेवावी किंवा मागचे चाक अधांतरी टांगावे. व्हॉल्व्हपासून सुरुवात करून फक्त उजव्या बाजूचे स्पोक एकेक करून नखाने छेडावेत, तेही रिम आणि स्पोकांची फुली यांच्या मधल्या मोकळ्या भागात. एकाच बाजूच्या स्पोकांचीच आपसात तुलना करावी. डावी बाजू खालच्या सुरात वाजणारच. जिथे सूर एकदम उतरतो किंवा टणक आवाजाऐवजी बद्द आवाज येतो तिथे चिकटपट्टी लावून ठेवावी. चाक पूर्णपणे सरळ फिरत असूनही दोन स्पोक खूप चढे आणि त्यांच्यामधला एक उतरलेला, असे चित्र वारंवार आढळते, आणि शेजारचाच स्पोक तुटण्याचे कोडे इथेच उलगडते. पहिला स्पोक तुटल्यावर घाईत आऊट काढताना शेजारच्या दोघांना आवळून रिम जागेवर आणलेली असते, नवा स्पोक अर्धवट ताणावर सोडलेला असतो, आणि त्याच्या वाट्याचा भार पुढचे सगळे दिवस शेजारी वाहत राहतात.

कायमचा उपाय

काम सुरू करण्यापूर्वी टायरमधली हवा काढावी, कारण फुगलेला टायर रिमला आत दाबतो आणि त्यामुळे स्पोकांमधला ताण थोडा कमी भासतो. निपलवर तेल सोडून काही वेळ थांबावे. निपलचा पाना अगदी घट्ट बसणारा असावा. निपलच्या चौकोनाची मापे ३.२३ आणि ३.४५ मिलिमीटर अशी एकमेकांच्या फार जवळची असतात, आणि मोठा पाना लहान निपलवर वापरला की कोपरे गोल होतात. सामान्य २ मिलिमीटरच्या स्पोकवर एका इंचात ५६ आटे असतात, म्हणजे निपलचा एक पूर्ण फेरा स्पोकला साधारण ०.४५ मिलिमीटरने खेचतो. हा फेरा खूप मोठा असतो, म्हणून पाव फेऱ्याच्या पलीकडे एका वेळी जाऊ नये.

रिम डावी-उजवीकडे किती सरकते हे पाहण्यासाठी ब्रेकचे पॅड उपयोगी पडतात. डिस्क ब्रेक असेल तर फ्रेमच्या दोन्ही बाजूंना एकेक केबल टाय बांधून त्याचे टोक रिमपासून केसभर अंतरावर कापावे. आधी एका बाजूचे सूर शक्य तितके सारखे करावेत. चढ्या सुराचा स्पोक थोडा सोडावा आणि त्याच बाजूचा उतरलेला थोडा आवळावा. रिम सरळ ठेवण्यासाठी कुठेही एकाच स्पोकवर सगळे ओझे टाकू नये. त्यानंतर संपूर्ण चाकाचा ताण पाव-पाव फेऱ्याने वाढवत जावे. उजवीकडे पाव फेरा दिल्यावर डावीकडे त्याहून थोडा कमी लागतो, आणि नेमका किती हे रिम मध्यावर आहे की नाही यावरून कळते. मध्य तपासण्याची सोपी रीत म्हणजे चाक काढून उलटसुलट करून फ्रेममध्ये बसवणे: दोन्ही वेळा रिम एकाच जागी आली तर ती मध्यावर आहे. डिस्क असेल तर ती आधी काढावी लागते.

किती ताण द्यायचा याची वरची मर्यादा रिम ठरवते, आणि ती रिमच्या निर्मात्याने दिलेली असते. प्रवासाच्या मजबूत रिमसाठी उजव्या बाजूला १०० ते १२० किलोग्रॅम-बल ही सर्वसाधारण कक्षा आहे. सैल चाकाची भीती जितकी बाळगावी तितकी घट्ट चाकाची नको, असे मी म्हणेन, पण त्याला मर्यादा आहे: अती ताणाने निपलच्या भोकाभोवती रिम तडकते.

पुढची पायरी बहुतेक जण वगळतात, आणि तीच सर्वांत मोलाची आहे. हातमोजे घालून एकाच बाजूचे जवळजवळ समांतर असलेले दोन स्पोक मधोमध मुठीत धरावेत आणि पूर्ण ताकदीने एकमेकांकडे दाबावेत. असे सगळ्या जोड्यांना, दोन्ही बाजूंना करावे. स्पोकचा वाक कारखान्यात घडवताना आणि नंतर फ्लँजमध्ये बसवताना धातूत काही ठिकाणी आधीच मोठा अंतर्गत ताण अडकून राहतो. क्षणभर जास्त खेचले गेल्यावर तो भाग किंचित जागा सोडतो आणि हा अडकलेला ताण उतरतो. थकव्याने चीर पडण्याची शक्यता त्यामुळे पुष्कळ कमी होते. दाबल्यानंतर चाक थोडे वाकडे झाले तर घाबरू नये. पुन्हा सरळ करावे, पुन्हा दाबावे, आणि दाबल्यावरही चाक सरळच राहते तिथे थांबावे. याच वेळी फ्लँजच्या बाहेरून जाणारे स्पोक वाकापाशी अंगठ्याने हबकडे दाबून फ्लँजला चिकटवावेत, आणि निपलपाशी वाकलेला स्पोक हाताने सरळ रेषेत आणावा. फ्लँजची भोके सैल असतील तर स्पोकच्या डोक्याखाली पितळेचा पातळ वॉशर घातल्याने वाकाला आधार मिळतो.

एकाच चाकात थकव्याने तिसरा स्पोक तुटला की सुट्या दुरुस्त्या थांबवून सगळे स्पोक नवे घालावेत, हा माझा नियम आहे आणि मी तो इतरांनाही आग्रहाने सांगतो. हब आणि रिम चांगली असतील तर ती तशीच वापरता येतात. फक्त जुन्या स्पोकांनी मऊ फ्लँजवर पाडलेल्या खाचांमध्येच नवे स्पोक त्याच दिशेने बसावेत. प्रवासाच्या मागच्या चाकाला ३६ स्पोक असावेत. स्पोक निवडताना दोन्ही टोकांना २ आणि मध्ये १.८ मिलिमीटर जाडीचे घ्यावेत. मध्ये बारीक असलेला स्पोक कमजोर असेल ही समजूत चुकीची आहे. १.८ मिलिमीटरच्या भागाचे क्षेत्रफळ २ मिलिमीटरच्या मानाने १९ टक्के कमी असते, त्यामुळे तेवढ्याच ताणाला तो अधिक लांबतो, खालच्या बाजूला आल्यावर सहजी सैल पडत नाही, आणि धक्का वाकाऐवजी मधल्या लांब भागात मुरतो. डाव्या बाजूला याचा लाभ विशेष होतो.

घाटाच्या मध्यावर तुटला तर

ताबडतोब थांबावे. तुटलेला स्पोक शेजारच्याभोवती गुंडाळावा किंवा काढून टाकावा, म्हणजे तो डिरेलरमध्ये जाणार नाही. उजवा स्पोक तुटला असेल तर त्या जागी रिम डावीकडे ओढली जाते. तिथले जवळचे दोन डावे स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल केले की रिम बरीच मध्यावर येते. नेमके किती फेरे दिले ते लिहून ठेवावे, कारण नवा स्पोक बसल्यावर तेवढेच परत आवळायचे असतात, आणि हे परत आवळणे राहून गेले की स्पोक तुटण्याची नवी मालिका सुरू होते. रिमला लागणारा ब्रेक घासत असेल तर त्याची केबल थोडी सोडावी, मात्र मागचा ब्रेक पूर्ण मोकळा ठेवून लांब उतार उतरू नये. ३६ स्पोकांचे चाक एक स्पोक कमी असतानाही सावकाश चालवता येते. २४ किंवा त्याहून कमी स्पोकांच्या चाकाबाबत तो धोका पत्करू नये.

उजव्या बाजूचा स्पोक बदलायला कॅसेट काढावी लागते, आणि रस्त्यात खरी अडचण हीच असते. फ्रेमच्या आधाराने कॅसेटची लॉकरिंग, म्हणजे ती जागेवर धरणारी कडी, सोडवणारे लहान अवजार मिळते, ते अवश्य जवळ असावे. ते नसेल तर डोके कापून टोक झेड आकारात वाकवलेला स्पोक कॅसेट न काढता भोकात अडकवता येतो, किंवा अरामिड या अतिशय मजबूत तंतूच्या दोऱ्याचा तात्पुरता स्पोक वापरता येतो. दोन्ही फक्त पुढच्या मोठ्या गावापर्यंत पोहोचण्यासाठी आहेत. सुटे स्पोक नेताना मागचे उजवे, मागचे डावे आणि पुढचे अशा तिन्ही लांबींचे न्यावेत, कारण उजव्या-डाव्यात एक ते तीन मिलिमीटरचा फरक असतो आणि चुकीच्या लांबीचा स्पोक नेमक्या वेळी निरुपयोगी ठरतो. लांबी वाकाच्या आतल्या कडेपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजतात. स्पोक सीटच्या नळीत ठेवता येतात किंवा फ्रेमला चिकटपट्टीने बांधता येतात.

सामानाबद्दल थोडक्यात. सायकलस्वाराच्या वजनाचा मोठा हिस्सा आधीच मागच्या चाकावर असतो, त्यामुळे जड वस्तू पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली लावलेल्या पॅनिअरमध्ये, म्हणजे सामानाच्या पिशव्यांत, हलवल्याने मागच्या चाकाला खरा दिलासा मिळतो. कॅरिअरचे बोल्ट ढिले असले की मागचे सामान डोलते आणि ते डोलणे चाकाला बाजूने ढकलते, म्हणून ते रोज सकाळी हाताने हलवून पाहावेत. ४० मिलिमीटरच्या आसपासचा किंवा त्याहून रुंद टायर, रिम दगडावर आपटणार नाही इतक्याच दाबावर, हा खडबडीत रस्त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

नव्याने बांधलेले चाक पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये थोडे बसते. तेवढे अंतर झाल्यावर पुन्हा एकदा सर्व स्पोक छेडून पाहावेत आणि उतरलेले सूर जुळवून घ्यावेत. त्यानंतर प्रत्येक मोठ्या घाटाआधी ही तपासणी पुरेशी आहे. त्याच वेळी प्रत्येक निपलभोवतीची रिम बोटाने पुसून पाहावी. भोकापासून निघालेली केसासारखी चीर दिसली, किंवा रिम ब्रेकने घासून तिच्या कडा आतल्या बाजूला खोलगट झाल्या असतील, तर ताण वाढवून काहीही साधणार नाही. ते चाक सामानासह उतारावर नेऊ नये आणि नवी रिम चढवल्याशिवाय पुढचा घाट घेऊ नये.